नॅनो मासे

पूर्ण वाढ झाल्यावरही साधारण ४ सेंमी.च्या पुढे न जाणारे, गोड्या पाण्यातले शोभेचे मासे. हा जीवशास्त्रातला गट नव्हे. मत्स्यपालनाच्या छंदात रूढ झालेले हे नाव आहे. त्यात रासबोरा, टेट्रा, डॅनिओ, गप्पी, राइसफिश असे एकाहून अधिक कुळांतले मासे येतात. सुमारे २० ते ४० लि. पाण्याच्या घरगुती टँकसाठी ते निवडतात.

दुकानात दिसणारा लहान मासा बहुधा पिल्लू असतो. बोटाएवढा गोल्डफिश १५ सेंमी.च्या पुढे जातो आणि ‘शार्क’ म्हणून विकला जाणारा पंगास मीटरभर वाढतो. त्यामुळे मासा घेताना त्याची आजची लांबी न पाहता प्रौढपणीची विचारावी. मात्र लांबीवर निवड संपत नाही. मासा ज्या पाण्यात राहणार, ते पाणी त्याला मानवते का, हे त्याहून महत्त्वाचे आहे, आणि सोलापुरात तर तेच निर्णायक ठरते.

दीड फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच टँकमध्ये हिशेबाने ४२ लि. पाणी मावते, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा जाता प्रत्यक्षात तीसेक लिटर उरते. एवढे पाणी लवकर तापते आणि लवकर बिघडते. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचे तापमान ४० अंशांच्या वर जाते, तेव्हा सिमेंटच्या स्लॅबखालच्या खोलीतला टँक सहज ३२-३३ अंशांवर पोहोचतो. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मि.ग्रॅ. प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना साडेसातच. माशाची प्राणवायूची गरज मात्र उष्णतेबरोबर वाढते. वीज गेली की एअर पंप थांबतो. उन्हाळ्यात बॅटरीवर चालणारा पंप जवळ असलेला बरा.

दुसरी गोष्ट क्षारांची. दख्खनच्या काळ्या खडकातले बोअरचे पाणी जड असते, त्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्लता-अल्कतेचे माप) ७ च्या वर असतो. अशा पाण्यात माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून येणारा अमोनिया अधिक घातक होतो : ३० अंशांना सामू ७ असेल, तर एकूण अमोनियापैकी १ टक्क्याहून कमी भाग विषारी रूपात असतो, सामू ८ असेल तर सुमारे ७ टक्के. शिवाय उन्हाळ्यात बाष्पीभवनाने केवळ पाणी उडते, क्षार मागे राहतात. ती तूट बोअरच्या पाण्याने भरत गेल्यास जडपणा आठवड्यागणिक चढतो. म्हणून उडालेल्या पाण्याची भरपाई आरओच्या पाण्याने करावी आणि पाणी बदलताना मात्र नेहमीचे वापरावे. उजनी धरणाचे नळाचे पाणी काही दिवसांआड येते, घरोघर साठवलेले असतेच. ते उघड्या बादलीत दिवसभर ठेवले की साधा क्लोरीन उडून जातो.

या परिस्थितीत सर्वांत भरवशाचा मासा एंडलर. व्हेनेझुएलातल्या कोमट, जड पाण्याच्या खाजणांतला हा गप्पीचा भाऊबंद २००५ मध्ये पोसिलिया विंगेई या नावाने वर्णिला गेला. नर जेमतेम अडीच सेंमी.चा, पण रंग असे की मोठ्या माशाची उणीव वाटू नये. जपानकडचा मेडाका राइसफिश (सुमारे ३.५ सेंमी.) उन्हाळा आणि हिवाळा दोन्ही सोसतो.

गॅलक्सी रासबोराचे प्रकरण शिकण्यासारखे आहे. म्यानमारमधल्या होपाँगजवळ २००६ मध्ये सापडलेला हा दोन सेंमी.चा मासा जड पाणी चालवून घेतो. पण त्याचे घर सुमारे १,००० मी. उंचीवरचे. पाणी जुळले तरी सोलापूरचा मे महिना त्याला जुळत नाही. बोर्निओच्या दलदलीतला मिरचीसारखा लाल चिली रासबोरा उलट अडचणीचा : उष्णता त्याला बऱ्यापैकी सोसते, पण पाणी मऊ व आम्लधर्मी हवे. आरओच्या पाण्याची कायमची सोय असेल तरच तो आणावा. ब्राझीलच्या अंबर टेट्रालाही मऊ पाणीच रुचते. ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला स्कार्लेट बॅडिस देखणा आहे, मात्र तो बहुधा जिवंत खाद्यालाच तोंड लावतो. आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या बारीक जीवाची) पिल्ले रोज उबवण्याची तयारी नसेल तर तो उपाशी मरतो. केरळचा मटारएवढा पफर भांडखोर, दुसऱ्या माशांचे पर कुरतडणारा, त्यामुळे त्याला वेगळा टँक लागतो.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरही असा एक मासा आहे : सुमारे २ सेंमी.चा, जवळजवळ पारदर्शक ओरायझियास सेटनाई. सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९४० मध्ये त्याचे वर्णन केले. शोभेच्या बाजारात त्याला जागा मिळालेली नाही, ही खेदाची बाब.

कळपाने राहणारे रासबोरा-टेट्रा आठ-दहा असले तरच निर्धास्त फिरतात. प्रत्येकी दोन अशी पाच जातींची भेळ करू नये. गाळणी स्पंजची असावी, उघड्या तोंडाच्या फिल्टरमध्ये पिल्ले ओढली जातात. खाद्य चिमटीत चुरून द्यावे.

एंडलर व गप्पी साधारण महिन्याने पिल्ले देतात आणि टँक भरून जातो. नको झालेले मासे सोलापूरच्या कंबर तलावात किंवा हिप्परग्याच्या तलावात सोडू नयेत. हे परदेशी मासे तिथल्या देशी माशांचे खाद्य आणि जागा बळकावतात. दुसऱ्या पाळणाऱ्याला द्यावेत, नाहीतर सुरुवातीपासून केवळ नरच ठेवावेत.