क्राउन डिपेन्डन्सी

ब्रिटिश राजसत्तेच्या अंकित, पण युनायटेड किंग्डममध्ये न मोडणारे तीन स्वशासित प्रदेश : फ्रान्सच्या किनाऱ्यालगतची जर्सी व गर्न्सी आणि आयरिश समुद्रातील आइल ऑफ मॅन. ऑल्डर्नी आणि सार्क ही छोटी बेटे गर्न्सीच्या अधिकारक्षेत्रात येतात, तरी त्यांची विधिमंडळे निराळी आहेत. जिब्राल्टर किंवा बर्म्युडा यांसारख्या ब्रिटनच्या सागरपार प्रदेशांच्या पंक्तीला या प्रदेशांना बसवणे चूक. ही बेटे कधी ब्रिटनची वसाहत नव्हती.

जर्सी व गर्न्सी मूळची फ्रान्समधील नॉर्मंडीच्या ड्यूकची. १०६६ मध्ये ड्यूक विल्यम इंग्लंडचा राजा झाला. पुढे १२०४ मध्ये जॉन राजाने मुख्य भूमीवरील नॉर्मंडी गमावली, बेटे मात्र त्याच्याकडेच राहिली. त्यामुळे नॉर्मन कायद्याचे अवशेष तेथे अजून जिवंत आहेत. उदाहरणार्थ, मालमत्तेवर अतिक्रमण होत असेल, तर मालकाने जागेवरच गुडघे टेकून साक्षीदारांसमोर ‘हारो! हारो! हारो!’ असा पुकारा करत फ्रेंचमधून राजाकडे दाद मागायची. त्यानंतर न्यायालयाचा निर्णय होईपर्यंत काम थांबवावे लागते. आइल ऑफ मॅनची कहाणी अधिक व्यवहारी आहे : त्या बेटावरील राजहक्क १७६५ मध्ये ब्रिटिश सरकारने अ‍ॅथोल घराण्याकडून ७०,००० पौंडांना चक्क विकत घेतले. नॉर्स (व्हायकिंग) काळापासून परंपरा सांगणारी टिनवाल्ड ही तेथील संसद.

संरक्षण व परराष्ट्र व्यवहार लंडनकडे. कर, कायदे, न्यायालये बेटांची स्वतःची. वेस्टमिन्स्टरमध्ये त्यांचा एकही खासदार नाही. ब्रिटिश संसदेचा कायदा तेथे आपोआप लागू होत नाही. सहसा बेटांच्या संमतीने, प्रिव्ही कौन्सिल या राजाच्या सल्लागार मंडळाच्या आदेशाद्वारे तो लागू केला जातो. संमती नसेल तर काय, हा खरा वादाचा मुद्दा. असा कायदा करण्याचा अधिकार संसदेला आहे, असे मत राज्यघटनाविषयक शाही आयोगाने १९७३ मध्ये दिले. बेटांना ते मान्य नाही. सगळा डोलारा लेखी संविधानावर नव्हे, तर सनदा आणि वहिवाटीवर उभा असल्याने हा प्रश्न लोंबकळतच राहतो.

यूरोपीय संघाशीही बेटांचे नाते अर्धवटच होते : जकातीपुरती ती आत, बाकी बहुतेक बाबतींत बाहेर. संघातून बाहेर पडण्याविषयीच्या २०१६ च्या सार्वमतात जिब्राल्टरने मतदान केले, या बेटांना मात्र मत नव्हते. ब्रेक्झिटबरोबर ती व्यवस्थाही संपली. नागरिकत्वाच्या बाबतीत मात्र उलटा न्याय आहे. १९८१ च्या ब्रिटिश नागरिकत्व कायद्यापुरती ही बेटे युनायटेड किंग्डममध्येच धरली जातात.