बीएफए की बीडेस? दोन पदव्यांमागचा इतिहास

बारावीचा निकाल लागला की ग्राफिक डिझाइनकडे वळणाऱ्या मुलांच्या घरात एक प्रश्न हमखास निघतो: बीएफए (बॅचलर ऑफ फाइन आर्ट्स) अप्लाइड आर्ट, म्हणजे उपयोजित कला, करायचं की बीडेस (बॅचलर ऑफ डिझाइन)? पदव्या दोन्ही चार वर्षांच्या. टायपोग्राफी (अक्षरमांडणी), पॅकेजिंग, वेबसाइट आणि अ‍ॅपचं डिझाइन दोन्हीकडे शिकवतात, आणि शिकून बाहेर पडलेली मुलं पुष्कळदा एकाच स्टुडिओत शेजारी बसून काम करतात. प्रवेशाची दारं मात्र निराळी. बीएफएसाठी राज्याची सीईटी द्यावी लागते. तिच्यात वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र हातानं काढून दाखवायचं असतं. आयआयटीतल्या बीडेससाठी यूसीड ही प्रवेश परीक्षा असते, आणि तिथे चित्राइतकाच भर निरीक्षणावर आणि तर्कावर असतो. या फरकाचं मूळ मुंबईतल्या दोन संस्थांच्या जन्मकथेत आहे.

पहिली कथा जे. जे. ची. सर जमशेटजी जीजीभाई यांनी दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ मध्ये कलाशाळा सुरू झाली. इंग्रज सरकारला तेव्हा कुशल कारागीर आणि नक्षीकाम, आराखडे करणारे हात हवे होते. जाहिरात कुणाच्या ध्यानीमनीही नव्हती. पण शाळेबाहेर मुंबई छापखान्यांनी भरत चालली होती. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये निर्णयसागर काढला आणि देवनागरी खिळ्यांना (छपाईच्या धातूच्या अक्षरांना) असं वळण दिलं की पुढच्या पिढ्यांनी ते प्रमाण मानलं. १८९४ मध्ये राजा रविवर्म्यांचा शिळाछाप कारखाना मुंबईत उभा राहिला. १९०५ मध्ये गिरगावात बी. दत्ताराम आणि कंपनी ही जाहिरात संस्था निघाली. जे. जे. तच शिकून तिथेच शिकवणारे चित्रकार धुरंधर रेल्वेसाठी पोस्टर रंगवत होते. म्हणजे काम आधी आलं, अभ्यासक्रम मागाहून. हे लक्षात ठेवायला हवं, कारण अप्लाइड आर्टचा स्वभाव तिथेच घडला.

१९२९ मध्ये जे. वॉल्टर थॉम्पसनसारखी परदेशी एजन्सी मुंबईत आली आणि ले-आउट, लेटरिंग, इलस्ट्रेशन येणाऱ्या माणसांची गरज एकदम वाढली. १९३० च्या दशकाच्या मध्यावर जे. जे. त कमर्शिअल आर्टचा वर्ग सुरू झाला. १९६० च्या आसपास या विभागाची स्वतंत्र संस्था झाली, ती आजची उपयोजित कला संस्था, व्ही. एन. आडारकर तिचे पहिले प्रमुख. पेंटिंगवाल्यांच्या लेखी कमर्शिअल म्हणजे दुय्यम, हा समज तेव्हा होता आणि त्याचा धूर अजून पुरता विरलेला नाही. पण ‘जी. डी. आर्ट’ ही शासकीय पदविका घेऊन निघालेल्या कमर्शिअलच्या मुलांनीच मराठी डोळ्याला वळण लावलं. पुस्तकांची मुखपृष्ठं, दिवाळी अंक, नाटकांच्या जाहिराती, साबणाची वेष्टनं, यांत त्यांचा हात जागोजागी दिसतो.

त्या काळचं आर्टवर्क कसं होई, हे आजच्या विद्यार्थ्याला माहीत असायला हवं. मजकूर टाइपसेटरकडून, म्हणजे अक्षरजुळणी करणाऱ्याकडून, ब्रोमाइडच्या कागदावर येई. तो कटरनं कापायचा, मागे रबर सोल्यूशन लावायचं आणि बोर्डावर टी-स्क्वेअर धरून चिकटवायचा. चौकटीच्या रेषा रूलिंग पेननं काढायच्या. एखाद्या शब्दात चूक निघाली, तर दुसऱ्या तुकड्यातून तेवढं अक्षर कापून आणायचं आणि शिरोरेषा दोन्ही बाजूंना जुळेल असं बसवायचं. इंग्रजीत सुटं अक्षर केसभर वर-खाली झालं तरी एक वेळ खपून जाई. मराठीत शिरोरेषा तुटली की अख्खा शब्द पायरीसारखा दिसे. त्या मुलांची नजर अशा कामात तयार झाली. दोन अक्षरांमधली जागा मोजून ठरत नाही, ती डोळ्यानं ठरवावी लागते, हे त्यांना कुणी व्याख्यान देऊन शिकवलं नव्हतं.

१९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झालं, मराठी राज्यकारभाराची भाषा झाली आणि देवनागरी छपाईकडे नव्यानं लक्ष गेलं. शासकीय मुद्रणालयाचे संचालक बापूराव नाईक यांनी देवनागरी टायपोग्राफीवर केलेला तीन खंडांचा ग्रंथ या विषयाचा पाया आहे. आज किती अप्लाइड आर्टची मुलं तो उघडतात, कोण जाणे. उघडायला हवा.

दुसरी कथा बाजारपेठेतून निघालेली नाही. १९५८ मध्ये अमेरिकी डिझाइनर चार्ल्स आणि रे ईम्स यांनी भारत सरकारला अहवाल दिला आणि १९६१ मध्ये अहमदाबादला एनआयडी, म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन, उभी राहिली. त्याच सुमारास जे. जे. त शिकलेले सुधाकर नाडकर्णी जर्मनीतल्या उल्म इथल्या डिझाइन शाळेत गेले. उल्मचा आग्रह होता की डिझाइन हा सजावटीचा विषय नाही. वस्तू कोण वापरतं, कशी वापरतं, कशापासून बनते, याचा पद्धतशीर अभ्यास म्हणजे डिझाइन. ती शाळा १९६८ मध्ये बंद पडली. पुढच्याच वर्षी पवईच्या आयआयटीत इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर, म्हणजे आयडीसी, सुरू झालं आणि नाडकर्णी त्याचे पहिले प्रमुख झाले. बीडेसच्या अभ्यासक्रमात आधी माणसांकडे जाऊन पाहणी, मग समस्येची मांडणी आणि मग रेखाटन असा क्रम दिसतो, तो या घराण्याचा.

या दोन वाटा एकत्र आल्या त्या र. कृ. जोशींमुळे. जे. जे. चे विद्यार्थी, मग जाहिरात क्षेत्रात, त्यातली वीसेक वर्षं उल्का या जाहिरात संस्थेत, आणि १९८३ मध्ये पवईला प्राध्यापक. १९८४ मध्ये आयडीसीत व्हिज्युअल कम्युनिकेशनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. बोरूनं अक्षर गिरवणाऱ्या या माणसानं संगणकाला शत्रू मानलं नाही, याचं मोल मला फार वाटतं. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी दिसते, पण उच्चारात आणि टंकनात क आधी येतो. ‘र्क’ मधला रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो. हे सगळं यंत्राला नियम म्हणून समजावावं लागतं. अशा कामातून विंडोज २००० बरोबर आलेला त्यांचा ‘मंगल’ फाँट घडला. मराठीत संगणकावर टंकन करणाऱ्या बहुतेकांनी युनिकोड (अक्षरांची सगळीकडे एकच संकेतव्यवस्था) देवनागरी पहिल्यांदा पाहिली ती त्याच्याच रूपात.

त्याआधीची दहा-पंधरा वर्षं मात्र गोंधळाची होती. १९८१ मध्ये जे. जे. मुंबई विद्यापीठाला जोडली गेली, पदविकेची जागा बीएफएनं घेतली. थोड्याच वर्षांत पेजमेकर, कोरलड्रॉ आणि पुण्याहून आलेली श्रीलिपी या सॉफ्टवेअरनी ब्रोमाइड आणि रबर सोल्यूशन हद्दपार केलं. प्रत्येक कंपनीची फाँटमधली अक्षरांची मांडणी वेगळी, त्यामुळे एका दुकानातली फाइल दुसऱ्या दुकानात उघडली की मजकुराच्या जागी चिन्हांची खिचडी दिसे. सॉफ्टवेअर येणं म्हणजेच डिझाइन येणं, हा गैरसमज याच काळात रुजला. सहा महिन्यांचे डीटीपीचे (संगणकावर पानं लावण्याचे) क्लास गल्लोगल्ली निघाले आणि अक्षरांकडे पाहायला शिकवणारा तास मागे पडला.

२०१० मध्ये रुपयाचं चिन्ह स्वीकारलं गेलं, ते आयडीसीत पीएचडी करणाऱ्या उदय कुमार यांचं: देवनागरी र आणि शिरोरेषा. २०१५ मध्ये पवईला बीडेस सुरू झाली आणि बारावीनंतर थेट आयआयटीत डिझाइन शिकायचा रस्ता उघडला. दुसरीकडे जे. जे. त घडलेल्या सारंग कुलकर्णींच्या ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेनं ‘मुक्त’, ‘बलू’सारखे फाँट सर्वांना मोफत उपलब्ध करून दिले, आज फोनच्या पडद्यावरची कितीतरी मराठी त्यांतूनच दिसते. २०२३ मध्ये जे. जे. ला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि तिच्या नावात कला, वास्तुकला यांच्या जोडीला ‘अभिकल्प’ही, म्हणजे डिझाइनही, आलं.

नावं अशी जवळ येत असली, तरी शिकवण्यातला फरक कायम आहे, आणि तो पदवीच्या नावापेक्षा वेळापत्रकात दिसतो. कॉलेज निवडताना तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: देवनागरी अक्षरांकनाला किती सत्रं दिली आहेत, ते शिकवणारे शिक्षक स्वतः अक्षरं काढतात का, आणि गेल्या वर्षीच्या अंतिम प्रकल्पांत मराठी मजकुरावर केलेली कामं किती होती.