दारात आलेलं सोंग : बहुरूपी, हॅपनिंग आणि मधली वर्षं

घरात, जिन्यात, दारात अचानक कुणीतरी काहीतरी सुरू करतं आणि बघणाऱ्याला पत्ताच नसतो की हे नाटक आहे, याला आता परफॉर्मन्स आर्ट म्हणतात आणि गोष्ट बहुतेक वेळा १९५९ पासून सांगतात, अमेरिकन कलाकार अ‍ॅलन कॅप्रोनं न्यूयॉर्कमध्ये 'हॅपनिंग' म्हणजे बघणाऱ्यांच्या मधोमध घडवलेला प्रयोग केला तिथपासून. मला ती अर्धीच वाटते. सोलापूरच्या चाळीत वाढलेल्याला वाटणारच, कारण आमच्याकडं बहुरूपी यायचा.

यायचा तो पोलिस होऊन. खाकी शर्ट, हातात काठी, काखेत वही. आज्जी भाकरी थापत बसलेली आणि हा उंबऱ्यात उभा, "कोंबडी चोरल्याची तक्रार आहे तुमच्यावर, चला चौकीला." आज्जीचा हात परातीतच थांबायचा, शेजारची तेलुगू मावशी विड्या वळायचं सूप हातात घेऊन तशीच दारात यायची, मागनं कुणीतरी "पोलिस कशाला येलालेत बे?" दोन मिनिटं खरंच कळायचं नाही. मग तो वहीतनं साक्षीदारांची नावं वाचायचा, पहिला उंदीर, दुसरं मांजर, की सगळी चाळ फुटायची हसून आणि आज्जी शिव्या देत उठून पसाभर ज्वारी झोळीत घालायची. फसवायचं, पण जायच्या आधी सोंग उघडं करायचं, हा त्या कलेचा नियमच.

ही परंपरा जुनी आहे. वासुदेव, जोशी, गोंधळी, बहुरूपी यांची सोंगं घेऊन एकनाथांनी १६ व्या शतकात भारुडं रचली, म्हणजे दारावर येणारी ही माणसं तेव्हाच लोकांच्या चांगल्या ओळखीची होती. (घराच्या आत बायकांचं वेगळंच, मंगळागौरीला सासू-सुनेची भांडणं करून दाखवायची, पण तिथं सगळ्यांना ठाऊक असतं.)

तिकडं ब्राझीलचा नाटककार ऑगुस्तो बोआल १९७० च्या सुरुवातीला अर्जेंटिनात परागंदा होता, रस्त्यावर उघड नाटक करणं धोक्याचं, म्हणून त्यानं 'इनव्हिजिबल थिएटर' म्हणजे अदृश्य नाटक काढलं. पेरूतल्या चिक्लायोच्या एका हॉटेलात त्याचा नट पोटभर जेवला आणि बिल आल्यावर म्हणाला पैसे नाहीत, काम करून फेडतो, मग विचारलं कचरा उचलणाऱ्याला तासाला किती मिळतात, आणि बघता बघता हॉटेलभर मजुरीवर वाद पेटला. पण हे नाटक होतं हे शेवटपर्यंत सांगायचं नाही, कारण सांगितलं की लोक पुन्हा प्रेक्षक होऊन बसतात. मला हे पटतं आणि तरी खटकतं, कारण आज्जीला जो सुटकेचा श्वास मिळायचा तो त्या हॉटेलातल्या माणसांना मिळालाच नाही. बुडापेस्टच्या स्क्वॉट थिएटर या नाटक मंडळीची तऱ्हा आणखी निराळी, बंदी आल्यावर ते राहत्या फ्लॅटमध्येच प्रयोग करायचे, पुढं १९७७ मध्ये न्यूयॉर्कला रस्त्यालगतच्या दुकानात बसले आणि काचेतनं डोकावणारा प्रत्येक वाटसरू नकळत नाटकात यायचा.

आणि १९५९ म्हटलं की मला कॅप्रोच्या आधी दुसरं आठवतं. त्याच सालच्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्यात गाणं, नाच, खेळ करून दान मागणं हीही भीकच धरली. तिकडं माणसांच्या मधोमध जाऊन केलेलं काहीतरी कला ठरत होतं आणि इकडं शेकडो वर्षं तेच करणारा माणूस कायद्यानं भिकारी झाला. याचा मला राग आहे, अजून आहे.

पुढं १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं ठार मारलं. त्यातले बहुतेक जण आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातले, भिक्षेसाठी फिरणारे. हे बहुरूपी नव्हते, पण दारात आलेल्या अनोळखी माणसाकडं बघायची नजर तेव्हापासून सगळ्यांसाठीच बदलली.

गेल्या दिवाळीनंतर आमच्या कॉलनीत एक बहुरूपी आला होता, इन्स्पेक्टरच्या वेशात. गेटवर वॉचमननं अडवलं. त्यानं खाकी शर्टाच्या खिशातनं आधी आधार कार्ड काढून दाखवलं, मोबाईलवर त्याचा फोटो काढू दिला, आणि मग आमच्या दारात येऊन काठी आपटून म्हणाला, "तुमच्या नावानं वॉरंट आहे."