बटाट्याला युरोपात काय काय म्हणतात

मराठीतला 'बटाटा' पोर्तुगीजांकडून आला, हे अनेकांना ठाऊक असते; पण पोर्तुगीजांकडेही तो शब्द उसनाच होता आणि मुळात तो बटाट्याचा नव्हताच. कॅरिबियन बेटांवरील ताइनो लोकांच्या भाषेत 'बताता' म्हणजे रताळे. कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीनंतर रताळे आणि त्याचे नाव दोन्ही स्पेनमध्ये पोहोचले. बटाटा मात्र तिथून दूर, दक्षिण अमेरिकेच्या अँडीज पर्वतात पिकत होता आणि तिथल्या केचुआ भाषेत त्याचे नाव 'पापा' असे होते. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा दुसरा कंद युरोपात आला, तेव्हा 'पापा' आणि 'बताता' यांची सरमिसळ होऊन स्पॅनिशमध्ये 'पताता' हा शब्द रूढ झाला. इंग्रजीतला 'पोटॅटो' त्याच घराण्यातला असून तोही आधी रताळ्यासाठीच वापरला जाई. स्पॅनिशमध्ये 'पापा' म्हणजे पोपदेखील, म्हणून स्पेनने तो शब्द टाळला, अशी एक कथा सांगितली जाते. ती पटण्याजोगी नाही, कारण लॅटिन अमेरिकेतले तितकेच श्रद्धाळू कॅथलिक आजही बटाट्याला बिनदिक्कत 'पापा'च म्हणतात.

ज्यांच्यापर्यंत हे अमेरिकी शब्द पोहोचले नाहीत किंवा रुचले नाहीत, त्यांनी ओळखीच्या वस्तूचा आधार घेतला. फ्रेंचांचा 'पोम द तेर' आणि डचांचा 'आर्डआपल' या दोहोंचा अर्थ 'जमिनीतले सफरचंद'. जर्मनीच्या काही भागांत सफरचंदाऐवजी नासपती आठवली आणि 'ग्रुंडबिर्न', म्हणजे 'जमिनीतली नासपती', असा शब्द तयार झाला. बोलींमध्ये झिजत तो शेजाऱ्यांकडे गेला आणि क्रोएशियनमध्ये 'क्रुम्पिर', तर हंगेरियनमध्ये 'क्रुम्प्ली' झाला. या रूपांत नासपती आता कोणालाच दिसत नाही. फिनिश लोकांचा 'पेरुना'ही स्वीडिश भाषेतल्या नासपतीवरूनच आला आहे.

सर्वांत रंजक वळण इटलीत लागते. तिथे जमिनीखाली वाढणाऱ्या सुवासिक बुरशीला, म्हणजे ट्रफलला, 'तार्तूफो' म्हणत, आणि मातीतून निघणाऱ्या या नव्या कंदालाही लोकांनी तेच नाव जोडले. वनस्पतिशास्त्रज्ञ कार्लुस क्लुसिउस यांना १५८८ मध्ये व्हिएन्नात मिळालेल्या बटाट्याच्या चित्रावर 'तारातूफ्ली' अशी नोंद आहे. जर्मनांनी त्याचे 'टार्टुफेल' केले. पण एकाच शब्दात दोन 'ट' जवळजवळ आल्यावर जीभ त्यांतल्या एकाची सुटका करू पाहते. या प्रवृत्तीला भाषाशास्त्रात विषमीकरण म्हणतात. पहिल्या 'ट'चा 'क' झाला आणि 'कार्टोफेल' जन्माला आला. हाच शब्द पुढे रशियन, बल्गेरियन आणि रुमानियन भाषांनी घेतला.

काही नावे मात्र वस्तूकडे न पाहता ती कुठून आली ते सांगतात. चेक भाषेतला 'ब्राम्बोर' हा शब्द जर्मनीतल्या ब्रांडेनबुर्ग प्रांताच्या चेक नावावरून आला, तर हंगेरियनमधला दुसरा शब्द 'बुर्गोन्या' बर्गंडीकडे बोट दाखवतो. मेक्सिकोकडच्या झाडाला 'विलायती चिंच' म्हणणाऱ्या आपल्याला ही तऱ्हा परकी वाटू नये.

या सगळ्यात लक्षवेधी गोष्ट अशी की नावांच्या सीमा भाषाकुळांच्या सीमांशी जुळत नाहीत. चेक, पोलिश, क्रोएशियन आणि रशियन या चारही स्लाव्हिक भाषा; पण त्यांच्याकडे अनुक्रमे ब्रांडेनबुर्ग, माती (पोलिश 'झ्येम्न्याक'), नासपती आणि ट्रफल आहे. पाणी, आई, दोन, तीन असे शब्द भाषा पूर्वजांकडून घेते, पण जे पीक पूर्वजांनी कधी पाहिलेच नव्हते, त्याचे नाव ज्या शेजाऱ्याने बियाणे दिले त्याच्याकडून घ्यावे लागते किंवा स्वतः घडवावे लागते. 'बताता' या मूळ शब्दाला स्वतःच्या अर्थाने जागा मिळाली ती रताळ्याच्या शास्त्रीय नावात, 'इपोमिया बटाटास'मध्ये.