हायड्रिलाच्या पानातली धावपळ मोबाइलवर मोजताना

पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत हरितलवक, म्हणजे वनस्पतीच्या पेशीतले हिरवे कण, जागच्या जागी चिकटवल्यासारखे दिसतात. जिवंत पेशीत ते फिरत असतात. इटलीच्या बोनाव्हेंतुरा कोर्ती यांनी १७७४ मध्येच कारा या शैवालात पेशीद्रव्याचं (पेशीतल्या दाटसर द्रवाचं) हे फिरणं पाहिलं होतं. आज ते सगळ्या वर्गाला दाखवायला शाळेतलं सूक्ष्मदर्शक आणि एक मोबाइल पुरतो.

मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारी हायड्रिला ही पाणवनस्पती घ्या. तिचं पान बहुतेक भागात दोनच पेशींच्या जाडीचं असतं, त्यामुळे काप घ्यावा लागत नाही. शेंड्याजवळचं एक पान पाण्याच्या थेंबात ठेवा, आच्छादन काच तिरकी टेकवून हळूच सोडा. आपटली की हवेचे बुडबुडे अडकतात आणि त्यांच्या काळ्या कडांनाच मुलं पेशी समजतात. काचपट्टी पाच-दहा मिनिटं उजेडात राहू द्या. मधल्या शिरेजवळच्या लांबट पेशी आधी तपासा.

मोबाइल नेत्रिकेपासून (डोळा लावायच्या भिंगापासून) साधारण एक सेंटिमीटरवर, स्टँडला घट्ट बसवून धरा. पडद्यावर बोट दाबून ठेवून फोकस आणि उजेड लॉक करा, नाहीतर कॅमेरा चित्रीकरणाच्या मध्येच स्वतःहून बदल करतो. टाइम-लॅप्स वापरू नका. त्यात खरा वेग हरवतो, आणि इथे वेगच तर हवा आहे.

मोजण्यासाठी आधी १० पटीच्या वस्तुभिंगाखाली (नमुन्याकडच्या भिंगाखाली) पारदर्शक मोजपट्टीचा फोटो काढा. पट्टीच्या रेघा सूक्ष्मदर्शकाखाली चांगल्याच जाड दिसतात, म्हणून एका रेघेच्या डाव्या कडेपासून पुढच्या रेघेच्या डाव्या कडेपर्यंत मोजा. समजा १ मिलिमीटर म्हणजे १००० पिक्सेल आले. मोबाइलचा झूम अजिबात न हलवता ४० पटीचं भिंग लावलं, की तेच अंतर ४००० पिक्सेल होईल, म्हणजे १ पिक्सेल ०.२५ मायक्रोमीटरचा. पुष्कळ शाळांत भिंग ४५ पटीचं असतं. त्यावर कोरलेला आकडा वाचूनच गुणा. आता एखादा हरितलवक ५ सेकंदांत १२० पिक्सेल सरकला, तर त्याचा वेग सेकंदाला ६ मायक्रोमीटर.

सगळ्यात मोठी फसगत इथेच होते. पाणी सुकू लागलं की अख्खं पानच सरकतं आणि मुलं तोच प्रवाह म्हणून मोजतात. अंतर नेहमी पेशीभित्तिकेपासून मोजा. भित्तिकाही सरकत असेल, तर काचेच्या कडेला पाण्याचा एक थेंब सोडून नव्याने चित्रीकरण करा. खऱ्या प्रवाहात एका भित्तिकेलगत लवक वर जातात, समोरच्या भित्तिकेलगत खाली येतात. मधल्या रिक्तिकेला, म्हणजे पेशीतल्या रसाने भरलेल्या पिशवीला, ते प्रदक्षिणाच घालतात.

व्हिडिओ थांबवून विचारा: लवक मधून आडवे का जात नाहीत? मधली मोठी, पारदर्शक रिक्तिका आकृतीत रिकामा चौकोन वाटते. इथे ती वाट अडवताना दिसते. मायोसिन नावाची प्रथिनं अ‍ॅक्टिन या दुसऱ्या प्रथिनाच्या धाग्यांवरून पेशीतल्या कणांना ओढत नेतात, त्या ओघात पेशीद्रव्य आणि लवक वाहतात. या कामाला ऊर्जा लागते. बर्फाच्या गार पाण्यात ठेवलेल्या पानाचं चित्रीकरण करून दोन्ही वेग शेजारी-शेजारी मांडा. गार पानातले लवक रेंगाळताना मुलांना स्वतःच्या आकड्यांत दिसतील.