सोलो राइड आणि ग्रुप राइड यांत नेमका फरक कोणता?

मोटारसायकलवरून लांबच्या प्रवासाला एकट्याने निघणे आणि दहा जणांच्या ग्रुपबरोबर निघणे यांत फरक केवळ सोबतीचा आहे, असा समज सर्रास आढळतो. गाडी तीच, रस्ता तोच, आणि हेल्मेटच्या आत तर प्रत्येक जण एकटाच. मग वेगळे ते काय, असे विचारले जाते. प्रत्यक्षात ही दोन निराळी कामे आहेत, आणि एकट्याने जाणाऱ्याला माणूसघाणा ठरवण्यापूर्वी त्यांतला फरक पाहायला हवा.

एकटा रायडर रस्ता वाचत असतो. वळण कुठे आवळत जाते, खडी कुठे पसरली आहे, समोरच्या ट्रकचे चाक कोणत्या बाजूला वळू लागले आहे, यावरून तो वेग ठरवतो, आणि लेनच्या ज्या भागातून पुढचे सर्वांत जास्त दिसते तो भाग धरतो. ग्रुपमध्ये ही निवड बरीचशी आधीच झालेली असते. सरळ, मोकळ्या रस्त्यावर ग्रुप सहसा तिरप्या रचनेत चालतो: पहिला लेनच्या एका बाजूला, दुसरा त्याच्या किमान 1 सेकंद मागे दुसऱ्या बाजूला, तिसरा पुन्हा पहिल्याच्या रेषेत, पण त्याच्यापासून किमान 2 सेकंद मागे. वळणांवर किंवा खराब रस्त्यावर सर्वांनी एका रांगेत यायचे असते. ही रचना सांभाळणे हे कौशल्यच आहे, पण त्यापायी लक्ष रस्त्यावरून उठून पुढच्याच्या ब्रेकलाइटवर जाते, आणि नजर जिथे खिळते तिकडेच गाडी ओढली जाते. पुढचा वळणात जास्त वेगाने शिरला, तर मागचाही नकळत तसाच शिरतो.

वेगाचे गणित तर याहून फसवे आहे. पुढच्याने वेग वाढवला की मागच्या प्रत्येकाला ते कळून अॅक्सिलरेटर पिळेपर्यंत थोडा उशीर होतो, हा उशीर साचत जातो आणि रांग रबरासारखी ताणली जाते. समजा, ग्रुप ताशी 60 किलोमीटर वेगाने चालला आहे आणि शेवटचा रायडर 200 मीटर मागे पडला आहे. ताशी 80 ने जाऊन हे अंतर भरून काढायला त्याला 36 सेकंद लागतील, म्हणजे सुमारे 800 मीटर तो असा वेग धरेल जो त्याने स्वतःहून कदाचित कधीच निवडला नसता. म्हणूनच जाणते ग्रुप नवख्याला शेपटाला न ठेवता म्होरक्याच्या जवळ ठेवतात.

काही ग्रुप याहून चांगला उपाय करतात. प्रत्येक फाट्यावर म्होरक्यामागचा रायडर थांबून वाट दाखवतो आणि शेवटचा येईपर्यंत तिथेच राहतो, त्यामुळे कोणालाच पुढच्याला गाठण्यासाठी पळावे लागत नाही. गंमत अशी की ग्रुप राइडची ही पद्धत मला पटते, कारण तीत दोन फाट्यांमध्ये प्रत्येक जण जवळजवळ सोलोच चालवत असतो.

सुरक्षिततेच्या चर्चेत मात्र दोन गोष्टींची गल्लत होते. सोबत असली की अपघातानंतरची मदत जवळ येते, पण म्हणून अपघाताची शक्यता कमी होतेच असे नाही. सोलो रायडरची खरी उणीव मदतीच्या बाजूला आहे: तो दरीकडे घसरला तर पाहणारे कोणी नाही, आणि थकव्याने त्याची गाडी लेनमध्ये डुलू लागली तर टोकणारेही कोणी नाही. त्यामुळे निघण्यापूर्वी मार्ग आणि पोहोचण्याची वेळ कोणाला तरी सांगणे, पंक्चरचे सामान जवळ बाळगणे आणि डोळे जड होण्याआधीच थांबणे हे त्याला टाळता येत नाही. ओसाड, नेटवर्क नसलेल्या वाटेवर मीही एक-दोघांची सोबत घेतो, फक्त पुढच्या फाट्यावर भेटायचे एवढेच ठरवून.