सोलापूरचा बेंजो आणि अ‍ॅनालॉग आवाजाची ओढ

सोलापुरात वरातीत किंवा गणपतीच्या मिरवणुकीत बेंजो पार्टीची गाडी समोरून जाते तेव्हा बघ्यांचं लक्ष ताशाकडे आणि कर्ण्यांकडे असतं. बेंजोवाल्याच्या हाताशी पडलेल्या डबीकडे कोणी बघत नाही. पत्र्याची डबी, तीन-चार नॉब, दोन्हीकडून खुपसलेल्या वायरी. मुखडा संपून नुसता ताल उरला की तो वाकतो, एक नॉब पाव फेरा फिरवतो आणि पुढची ओळ फाटत, चिरकत, लांबत येते. नाचणाऱ्या पोरांना कारण कळत नाही, पण अंगात येतं.

जगभरचे वादक अ‍ॅनालॉग सिंथेसायझरवर (आवाजाचे आकडे न करता थेट विजेच्या चढउतारातून सूर घडवणारं वाद्य) आणि इफेक्ट पेडलवर (आवाज बदलणारी अशीच डबी) एवढा जीव का टाकतात, याचं उत्तर माझ्या मते त्या पाव फेऱ्यातच आहे. आवाज वाजत असतानाच त्याला हात लावता येतो. ‘साउंड वॉर्म असतो’, ‘भरीव लागतो’ ही नेहमीची उत्तरं खोटी नाहीत, पण अपुरी आहेत. ही ओढ कशी तयार झाली ते पाहिलं तर तिच्यात बिघाड, फसलेली यंत्रं आणि भंगारात निघालेला माल यांचाच वाटा जास्त निघतो.

सुरुवात बेंजोपासूनच करू. आपला बेंजो म्हणजे अमेरिकी बँजो नव्हे. जपानच्या नागोया शहरात गोरो मोरिता यांनी १९१२ मध्ये तैशोगोतो नावाचं तंतुवाद्य बनवलं. त्याला टाइपरायटरच्या धर्तीच्या कळा होत्या. तेच भारतात येऊन बुलबुल तरंग झालं, त्याला पिकअप (तारेचं कंपन विजेत बदलणारा भाग) बसला आणि ते रस्त्यावर आलं. या वाद्याची एक मोठी अडचण आहे. तार छेडली की आवाज लगेच मरतो. गाण्यातली लांब ओळ धरायची तर उजवा हात सारखा थरथरता ठेवावा लागतो. इथे डिस्टॉर्शनचं पेडल कामाला येतं. ते सिग्नल इतका फुगवतं की त्याची शेंडी वरच्या वर कापली जाते. मोठा आवाज एका पातळीवर अडतो, विझत चाललेला आवाज मात्र वर उचलला जातो. परिणामी सूर आहे त्याहून लांब टिकल्यासारखा वाटतो. बेंजोवाल्याला पेडल शोभेसाठी लागत नाही, दमसासासाठी लागतं.

हा फाटका आवाज कोणी ठरवून शोधलेला नाही. अमेरिकेतल्या नॅशव्हिलमध्ये एका कंट्री गाण्याचं ध्वनिमुद्रण चालू असताना ग्रेडी मार्टिन यांच्या बास गिटारचा सिग्नल कन्सोलमधल्या एका बिघडलेल्या ट्रान्सफॉर्मरमधून गेला आणि घरघरत बाहेर पडला. तो टेक टाकून दिला गेला नाही. १९६१ मध्ये गाणं गाजलं आणि तसाच आवाज हवा म्हणून बाकीचे वादक मागे लागले. तेव्हा ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी ट्रान्झिस्टर वापरून तो बिघाड मुद्दाम घडवणारं सर्किट तयार केलं. १९६२ मध्ये तेच ‘मायस्ट्रो फझ-टोन’ या नावाने बाजारात आलं (फझ म्हणजे हाच फाटका आवाज). गिटारमधून ट्रम्पेट, ट्यूबा यांच्यासारखे आवाज काढा, अशी त्याची जाहिरात होती. कोणाला तसं काही काढायचं नव्हतं. माल पडून राहिला आणि १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या एका गाण्यात तो आवाज वाजल्यावर उचलला गेला.

पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये फझ फेस हे पेडल आलं. त्याच्या पोटात दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर आणि दोन नॉब, एवढंच. पण गिटारवरचा व्हॉल्यूम जरा उतरवला तर हे पेडल निवळतं, बोट जोरात पडलं तर खवळतं. म्हणजे वादकाचा हात सर्किटपर्यंत पोचतो. आपल्याकडच्या कानाला हे नवीन वाटायचं कारण नाही. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी लावताना हेच चालू असतं: मूळ सूर तोच ठेवून त्याच्यावरचे स्वयंभू स्वर किती उमलू द्यायचे ते कानाने ठरवायचं. मिरजेचे कारागीर घोडी घासून जे साधतात ते पेडलवाला वीज कापून साधतो. जवारी आकड्यात सांगता येत नाही आणि फझची ‘बरोबर’ जागाही सांगता येत नाही, दोन्ही सापडाव्या लागतात.

एकोची गोष्ट वेगळी आहे. गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर पाळणेवाल्यांच्या माइकमधून येणारा घुमारा ज्याने ऐकलाय त्याला एको म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. पूर्वी तो टेपवर व्हायचा. रोलंड कंपनीच्या १९७४ च्या स्पेस एकोमध्ये टेपचं वेटोळं फिरत राहायचं. टेप झिजायची, मोटर डगमगायची, आणि त्या डगमगीमुळेच एको जिवंत वाटायचा. दरम्यान फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेत १९६९ मध्ये वेगळाच उपाय निघाला होता. सिग्नलचे तुकडे कपॅसिटरच्या लांब साखळीतून पुढेपुढे ढकलायचे, म्हणजे शेवटाला पोचेपर्यंत उशीर झालेला असतो. टँकरपासून दारापर्यंत माणसं उभी राहून हंडा हातोहात पुढे देतात, तसंच. आणि तसंच प्रत्येक हाताला थोडं सांडतं. इथे सांडतो तो आवाजाचा वरचा, चरचरीत भाग. म्हणून अ‍ॅनालॉग डिलेमध्ये (आवाज उशिराने परत देणाऱ्या यंत्रात) प्रत्येक पुनरावृत्ती आधीपेक्षा मंद आणि गोलसर होत जाते आणि मूळ गाण्याच्या आड येत नाही. पुढे डिजिटल डिले आला तेव्हा त्याची पुनरावृत्ती स्वच्छ होती. इतकी स्वच्छ की ती मूळ सुराशी भांडायला लागली. इंजिनिअरांनी तोटा भरून काढला आणि वादकांना तो तोटाच परत हवा झाला.

आता सिंथेसायझर. १९६४ मध्ये रॉबर्ट मोग यांनी संगीतकार हर्बर्ट डॉइच यांच्यासोबत पहिलं यंत्र उभं केलं. सूर, आवाजाची पातळी, फिल्टर हे सगळं व्होल्टेजने चालवायचं ही त्यातली कळीची कल्पना. एक व्होल्ट वाढला की सूर एक सप्तक वर. त्याच सुमारास कॅलिफोर्नियात डॉन बुक्ला यांनी अशाच यंत्राला पियानोची पट्टी लावायचं टाळलं. पट्टी दिली की लोक जुनंच वाजवणार, असं त्यांचं म्हणणं होतं. बाजारात मोग जिंकले. १९७० चं मिनीमोग हे खांद्यावर टाकून नेता येईल असं वाद्य होतं: तीन ऑसिलेटर (मूळ सूर निर्माण करणारे भाग), एक फिल्टर (सुरातला काही भाग गाळणारा), एका वेळी एकच सूर, आणि स्मरणशक्ती शून्य. काल लागलेला आवाज आज हवा असेल तर नॉब पुन्हा बसवा, नाहीतर कागदावर खुणा करून ठेवा. वादक जे डोळे मिटून वाजवतात ते बहुतेकदा त्यातला फिल्टर असतो. कटऑफचा नॉब खाली आणला की आवाज कांबळं पांघरल्यासारखा दबतो, रेझोनन्स वाढवला की शिट्टी मारायला लागतो, आणि या दोन टोकांमध्ये एका बोटाने अख्खं वाक्य बोलता येतं.

आपल्याकडे ही हवा वाटते त्याहून लवकर आली. १९५४ च्या ‘नागिन’ चित्रपटातली बीन ही खरी बीन नाही. ती कल्याणजींनी क्लॅव्हिओलिनवर वाजवली. हे कॉन्स्टन्ट मार्टिन यांनी १९४७ मध्ये फ्रान्समध्ये बनवलेलं, व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारं वाद्य. सोलापूरच्या वरातीत आज बेंजोवाला पेडल दाबून नागीण डान्सची धून काढतो आणि कोणीतरी रुमाल तोंडात धरून रस्त्यावर लोळतो, त्यामागे गारुडी कमी आणि फ्रेंच इंजिनिअर जास्त आहे. १९६९ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मोग बसवून इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभारला, पण तो प्रयोग संस्थेच्या भिंतीबाहेर फारसा आला नाही. मुंबईच्या चित्रपटसंगीतात मोग रुजवला तो सत्तरच्या दशकात वादक केरसी लॉर्ड यांनी.

आणि मग चरणजित सिंग. चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात वाजवणारा हा वादक १९८२ मध्ये रोलंडची तीन यंत्रं घेऊन बसला: ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे ताल देणारं यंत्र आणि टीबी-३०३. डिस्कोच्या ठेक्यावर त्याने दहा राग वाजवले. रेकॉर्ड खपली नाही. टीबी-३०३ हे खरं तर एकट्या गिटारवाल्याला साथ मिळावी म्हणून काढलेलं बेसचं यंत्र. बेस म्हणून ते अगदीच खोटं वाजायचं, पण त्यात एका सुरावरून दुसऱ्यावर घसरायची सोय होती. चरणजित सिंगांना त्यात मींड सापडली. शिकागोतल्या पोरांनी त्याच यंत्राचे नॉब पिळून १९८७ मध्ये अ‍ॅसिड हाउस नावाचा नाचाच्या संगीताचा प्रकार जगापुढे आणला. सिंगांची रेकॉर्ड २०१० मध्ये पुन्हा निघाली तेव्हा परदेशातल्या लोकांनी तारखा मोजून डोक्याला हात लावला. कोण पहिला या वादात मला रस नाही. एकाच फसलेल्या यंत्रातून दोन ठिकाणी दोन वेगळी संगीतं निघाली, हे मला जास्त मोलाचं वाटतं.

१९८३ मध्ये यामाहाचा डीएक्स-७ आला. डिजिटल, सुरात पक्का, घंटेसारखा लखलखीत. त्याच वर्षी मिडी, म्हणजे वाद्यांची सामाईक संकेतभाषा, आलं आणि वाद्यं एकमेकांशी जोडता येऊ लागली. डीएक्स-७ वर नॉब जवळजवळ नव्हतेच. सपाट बटणं, इवलासा पडदा आणि मेन्यू. बहुतेकांनी कंपनीने भरून दिलेले आवाजच वाजवले. याला नावं ठेवण्याआधी आपल्या ऑर्केस्ट्राच्या वादकाचा विचार करावा. हुतात्मा स्मृती मंदिरात एका संध्याकाळी वीस-पंचवीस गाणी, एकात सनई, दुसऱ्यात व्हायोलिनचा ताफा, तिसऱ्यात चर्चची घंटा. निवेदकाचा विनोद संपायच्या आत आवाज बदललेला हवा. तिथे मिनीमोगचे नॉब लावत बसलं तर प्रेक्षक खुर्च्या वाजवतील. कीबोर्ड आणि ऑक्टापॅड यांनी जिल्ह्याजिल्ह्यातले ऑर्केस्ट्रा उभे ठेवले, ते याच जोरावर. प्रीसेट, म्हणजे असा भरून दिलेला आवाज, हा गरिबांचा वाद्यवृंद होता, आणि तो चांगला होता.

पण याच लाटेत अ‍ॅनालॉग यंत्रं मातीमोल झाली. मिनीमोगचं उत्पादन १९८१ मध्येच थांबलं होतं. टीबी-३०३ दोनेक वर्षांत बंद पडलं. टीआर-८०८ ची कथा तर मजेशीर आहे. त्याच्या झांजेतला विशिष्ट चरचराट सदोष ट्रान्झिस्टरांमुळे यायचा, आणि ते रोलंडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी मुद्दाम विकत घ्यायचे. सेमीकंडक्टर कारखाने सुधारले, सदोष माल मिळेनासा झाला आणि १९८३ मध्ये यंत्र थांबलं. ही टाकलेली यंत्रं जुन्या बाजारात किरकोळ पैशात मिळू लागली. ती घेतली कोणी? ज्यांना नवीन परवडत नव्हतं त्यांनी. हिप-हॉप आणि टेक्नो या पोरांच्या हातून घडले. अ‍ॅनालॉगचं आजचं वैभव आणि लाखांतल्या किमती नंतरच्या. आधी होती ती गरज.

पुढचं पटकन सांगतो. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर जर्मनीच्या डोपफर यांनी तुकड्यातुकड्यांनी जोडायच्या सिंथेसायझरचं युरोरॅक माप आणलं आणि छोट्या कारागिरांना दार उघडलं. २०१३ मध्ये कॉर्गने एमएस-२० हा आपला जुना सिंथेसायझर लहान आकारात परत काढला. मग सगळ्याच कंपन्या जुन्याच्या नकला काढत सुटल्या. डिजिटलवाल्यांनीही धडा घेतला आणि नॉब परत बसवले. खरं सांगायचं तर आज मिरवणुकीतल्या कित्येक डब्या आतून डिजिटल आहेत. ध्वनिमुद्रणात दोन्ही ऐकवून वेगळं ओळखा म्हटलं तर भलेभले फसतील. हात मात्र फसत नाही: नॉब फिरल्याबरोबर आवाज हलला पाहिजे, एवढी त्याची अट असते.

सोलापूरकराने या छंदात पडताना एका गोष्टीचा हिशेब आधी करावा, तो म्हणजे उन्हाळा. अ‍ॅनालॉग ऑसिलेटरचा सूर ज्या ट्रान्झिस्टरवर ठरतो तो तापमानाला फार हळवा असतो. भरपाईची सोय नसलेल्या सर्किटमध्ये तापमान एका अंशाने बदललं की प्रत्येक सप्तकामागे साधारण ४ सेंटचा फरक पडतो. अर्धा स्वर म्हणजे १०० सेंट. पहाटे २६ अंशांवर लावलेलं यंत्र दुपारी ४० अंशांत वाजवायला घेतलं तर सप्तकाला ५६ सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराच्या निम्म्याहून जास्त घोळ, आणि पट्टीवर जितकं वर जाल तितका तो वाढत जातो. चांगल्या यंत्रांत तापमानाबरोबर बदलणारा खास रेझिस्टर घालून हे सावरलेलं असतं. काहींमध्ये तो भाग मुद्दाम तापवून स्थिर ठेवतात. तरी यंत्र चालू करून अर्धा तास तसंच राहू द्यायचं आणि मग सूर लावायचा, ही शिस्त पाळलेली बरी. तंबोरा बाळगणाऱ्या घरात हे नव्याने शिकवावं लागणार नाही.

पेडलचं सोपं आहे, आणि यंत्रमागाच्या गावात मशीन खोलायला कोणी भीत नाही. वर सांगितलेलं दोन ट्रान्झिस्टरचं सर्किट इलेक्ट्रॉनिक्सच्या कुठल्याही दुकानात मिळणाऱ्या बीसी ५४७ वर चालतं. सोल्डरिंग येत असेल तर एका रविवारचं काम आहे. वीज ९ व्होल्टच्या बॅटरीवरून घ्यावी, कारण मांडवातल्या वायरिंगवर अ‍ॅडॉप्टर लावला की हम (विजेची गुणगुण) घुसतो आणि फझ तो हमही इमाने इतबारे मोठा करतो. परदेशी वादक जुन्या जर्मेनियम ट्रान्झिस्टरच्या मऊ आवाजाचं फार कौतुक करतात, ते वाचून हुरळून जाऊ नये. जर्मेनियममधली गळती दर दहा अंशांना साधारण दुप्पट होते. डिसेंबरात गोड वाजलेलं पेडल मे महिन्यात थुंकल्यासारखं तुटक वाजेल. इथे सिलिकॉनच घ्यावं.